बाणाच्या डावीकडची बाई

व्यायाम करायला गीतांजलीची काही हरकत नव्हती. तिची हरकत होती ती व्यायाम करताना दिसायला.

खारघरमधल्या त्या जिमला चारी भिंतींना आरसे. त्यामुळे एक गीतांजली धापा टाकू लागली की आणखी चार गीतांजली धापा टाकत. शेवटी तिने एक खांब हेरला. खांब आणि पाण्याचा कूलर यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. दुसरं कुणी असतं तर माणूस मावून शेजारी पिशवीही ठेवता आली असती. तिथे उभी राहून ती हात वर-खाली करी आणि फक्त कूलर तिच्याकडे बघे.

पण लोकांना तहान लागते. आणि पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण, बाटली भरेपर्यंत वेळ कसा घालवायचा म्हणून, तिचं कौतुक करी. "काकू, ग्रेट हां! हिंमत लागते!" "काकू, तुम्ही म्हणजे इन्स्पिरेशन!"

कसली हिंमत? गीतांजली बँकेच्या कर्जवसुलीत होती. तिथे हिंमत लागे, आणि तिथे कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बारीक माणूस जिममध्ये आला की तो व्यायामाला आला, आणि आपण आलो की प्रेरणा द्यायला आलो, हा कुठला न्याय? या विचाराने तिला एवढा संताप येई की हात आपोआप जोरात हलत, आणि मग लोक म्हणत, "वा काकू, स्टॅमिना वाढला!"

प्रवेश घेतला त्या दिवशी जिमच्या मालकाने, रायानने, तिचा फोटो काढला होता. "मॅडम, जस्ट रेकॉर्डसाठी." तिच्या अंगात नवऱ्याचा टी-शर्ट होता. नवरा सुधीर सोसायटीचा सेक्रेटरी. गच्चीवर पाण्याच्या टाक्या बसवल्या तेव्हा कंपनीने तो त्याला भेट दिला होता. सुधीरला तो तंबूसारखा होई, गीतांजलीला बरोब्बर बसे. छातीवर लिहिलं होतं, 'मजबूत. टिकाऊ. पाच थरांची.' त्या वेळी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पोट आत घेण्यात गुंतली होती.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी भाजी विकणारी रंगूबाई तिला म्हणाली, "ताई, चौकान तुमचा फोटू लागलाय. एवरा मोठा! मना वाटला कोन गेला. मंग बगला त तुमी."

गीतांजली मेथीची जुडी तिथेच टाकून चौकात गेली.

फ्लेक्स दुमजली होता. डावीकडे ती. पूर्ण. डोळे अर्धवट मिटलेले, श्वास कोंडलेला आणि पाचही थर वाचता येतील एवढे स्पष्ट. तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'बिफोर'. तिच्यापासून निघालेला जाडजूड लाल बाण उजवीकडे गेला होता, आणि उजवीकडे 'आफ्टर' या शब्दाखाली हात जोडून हसत होते बंडूशेठ.

बंडूशेठ म्हणजे जासईचे पुढारी. खारघर ते उरण कुठल्याही चौकात मान वर केली की ते हात जोडून उभे असत. खाली सोनेरी अक्षरांत मजकूर होता: 'मा. बंडूशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! रिझल्ट गॅरंटीड!'

गीतांजली जिमचा जिना एका दमात चढली. एरवी हा विक्रम ठरला असता, पण आज तिला तो मोजायला सवड नव्हती.

"रायान! काय आहे हे?"

"मॅडम, आवडला?"

"मला विचारलंस तू? एका शब्दाने तरी विचारलंस?"

"मॅडम, तुमी आमची स्टार केस. आफ्टर अजून यायचाय, म्हणून मी बोललो होतो, उजव्या साइडला 'लवकरच' टाक. डिझायनर बोलला, एवढी जागा फुकट कशाला? शेठचा बड्डे पण आलाय. एका फ्लेक्समध्ये दोन कामं."

"अरे, पण लोकांना काय वाटेल? व्यायाम केला की मला मिशा येणार?"

रायानने फोनवरचा फ्लेक्सचा फोटो बघितला. मान तिरकी करून पुन्हा बघितला. तोपर्यंत हे त्याच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं. "असं पण वाटू शकतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता उतरव."

"आता कसा उतरवू मॅडम? शेठचा फोटो आहे. बड्डेच्या तोंडावर शेठना उतरवला तर त्यांची पोरं मला उतरवतील."

"मग अर्धा काप. माझा काप."

"मग बाण कुठून येणार? हवेतून?"

कोपऱ्यातून ट्रेनर बासित हळूच म्हणाला, "मॅडम, फोटो तसा चांगला आलाय. एकदम नॅचरल." गीतांजलीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला घाबरून पूर्वी दोन बिल्डरांनी हप्ते भरले होते.

पुढचे दिवस तिने तोंड लपवून काढले. बाकीचं लपवायची सोय नव्हती. सोसायटीचा वॉचमन सॅल्यूट ठोकू लागला. लिफ्टमध्ये एक आजोबा तिला म्हणाले, "निवडणुकीला उभी राहतेस वाटतं? चिन्ह चांगलं निवडलंस. टाकी." बँकेची सगळ्यात मोठी थकबाकीदार आसामी, जी वर्षभर तिचा फोन उचलत नव्हती, ती स्वतःहून भेटायला आली आणि हप्ता भरून म्हणाली, "मॅडम, तुमी शेठच्या माणूस आहात ते आधी बोलायचं ना."

घरी मुलगी श्रुती म्हणाली, "मम्मा, चिल. बॉडी पॉझिटिव्हिटी."

"पॉझिटिव्ह तू हो! दुमजली हो आणि मग पॉझिटिव्ह हो!"

सुधीरने बायकोची बाजू घ्यायची म्हणून फ्लेक्स नीट निरखून पाहिला. "तसं बघितलं तर गीता," तो म्हणाला, "मिशा तुला वाईट दिसणार नाहीत." त्या आठवड्यात सुधीरला रोज दुधी मिळाला.

शनिवारी गीतांजली रिक्षा करून थेट जासईला गेली. कंटेनरच्या रांगा ओलांडल्यावर बंडूशेठचं ऑफिस होतं. बाहेर पांढऱ्या चपला, आत पांढरे कपडे. तिला पाहताच दहा-बारा कार्यकर्ते उठून उभे राहिले. ते तिला ओळखत होते. सगळं खारघर ओळखत होतं.

मोठ्या टेबलामागे बंडूशेठ बसले होते. "बसा ताई. काय काम काढलंत?"

"शेठ, तुम्ही तो फ्लेक्स बघितलाय का?"

"आपले फ्लेक्स मी बघत नाय, ताई. शरम वाटते."

तिने फोन पुढे केला. शेठनी चष्मा लावला. आधी डावीकडे पाहिलं, मग बाणावरून बोट फिरवत ते उजवीकडे आले आणि तिथेच थांबले.

"हा माझा फोटू कवाचा रे?"

"शेठ, तुमच्या लग्नातला," एक जण म्हणाला. "त्यात तुमी जरा..."

"जरा काय?"

"जरा लांबून काढल्यासारखे वाटता."

"जावा. चाय घेऊन या. सगळे जावा. दार लावून घ्या."

दार लागल्यावर शेठ टेबलाला दोन्ही हात टेकून उठले. ते एकदम उठले नाहीत, टप्प्याटप्प्याने उठले. फ्लेक्सवर ते नेहमी छातीपर्यंतच असत. आज पहिल्यांदा गीतांजलीला त्यांचा उरलेला भाग दिसला, आणि तो भाग बराच होता. खरं तर तो बाण प्रामाणिकपणे काढायचा तर त्याचं टोक नेमकं कुठल्या बाजूला करायचं, यावर वाद झाला असता.

"ताई," शेठ खालच्या आवाजात म्हणाले, "ते चालायचं मशीन असतं ना जिममंदी, त्याच्यावरून मानूस पडत नाय ना?"

"नाही पडत. का हो?"

"मी घरी आनलाय. पयल्या दिवशी पोरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. मी त्याच्यावर चरलो त सगल्यांनी टाल्या वाजवल्या. घोषना दिल्या. एकजन रडला. व्हिडिओ काढला आनि गानं लावून गावाला पाठवला."

"मग?"

"मंग काय? उतरलो. आता त्याच्यावर टॉवेल सुकतात."

गीतांजली आली होती ती भांडायला; पण आता तिचा संताप शेठच्या अंगावरून वळून दाराबाहेर चहा आणायला गेलेल्यांकडे निघाला. "हेच! हेच म्हणते मी! रडायचं काय त्यात? आपण काय लढाईवर निघालोय? आपल्याला नुसतं घाम गाळू द्या ना!"

"बरोबर हाय. बघनारा लय वाईट, ताई. हसनारा परवडला." शेठनी चष्मा काढला. "तुमी घरी जावा. उद्या तो फ्लेक्स तिथं दिसनार नाय. आनि तुमच्याकडं कोनी बघनार पन नाय. बंडूशेठचा शब्द हाय."

कित्येक दिवसांनी त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी सुधीर दूध घेऊन आला आणि पिशवी हातात धरून दारातच उभा राहिला. "गीता, फ्लेक्स काढला."

"काढला ना? माणूस शब्दाचा पक्का."

"आणि दुसरा लावला. चौकात एक. स्टेशनपाशी एक. उलव्याचा मित्र म्हणतो, तिकडे वळणावर एक आहे, त्याने घाबरून ब्रेक मारला."

बाण गेला होता. बंडूशेठ कोपऱ्यात सरकले होते. मोकळ्या झालेल्या सगळ्या जागेत गीतांजली होती, त्याच टी-शर्टात, आधीपेक्षा दुप्पट. आणि तिच्या डोक्यावरून लाल अक्षरं आडवी गेली होती: 'आमच्या गीतांजलीताईंच्या वजनाकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्यांचा जाहीर निषेध! खबरदार!'

तिने फोन लावला. "शेठ, अहो, हे काय?"

"बघितलात? रातोरात छापला! फोटू मुद्दाम तोच ठेवला, मानूस वलखू आला पायजे ना. आता कोन बघतंय तेच बघतो."

त्यांचा आवाज इतका आनंदी होता की ती "आभारी आहे" म्हणून बसली, आणि नंतर स्वतःवर चिडली. त्या भरातच ती जिममध्ये गेली.

जिममध्ये एकदम सामसूम झाली. ट्रेडमिलवरच्या मुली समोरच्या भिंतीकडे बघत चालू लागल्या. पीळदार दंडांचा एक जण तिला पाहताच डोळे मिटून वजन उचलू लागला, आणि ते त्याच्याच पायावर पडता पडता राहिलं. कूलरपाशी कुणी फिरकेना. लोक तहानलेलेच घरी जात होते. रायान हिशेबात डोकं घालून बसला होता, आणि तो हिशेब उलटा धरलेला होता.

बासित छताकडे बघत आला. "मॅडम, आज मॅटवर. खाली बसा. उठा. मी मोजतो."

"खाली बघून मोज ना."

"नाय मॅडम. अंदाजाने मोजतो."

ती मॅटवर बसली. मग उठायला लागली. खाली बसलेली गीतांजली आजवर गुडघ्यावर, भिंतीवर किंवा सुधीरवर भार टाकल्याशिवाय उठलेली नव्हती. आज संतापाच्या भरात हात टेकायचे राहून गेले. ती सरळ वर आली आणि उभी राहिली. स्वतःच्या दोन पायांवर, कशालाही न धरता.

क्षणभर तिचा विश्वास बसला नाही. मग ती ओरडली, "बासित! बघितलंस?"

"नाय मॅडम! आईशप्पथ नाय बघितलं!"

"अरे, हात न टेकता उठले मी!"

"असेल मॅडम. मी पंख्याकडे बघत होतो."

"ए मुली, तू तरी पाहिलंस ना?"

मुलीने ट्रेडमिलचा वेग वाढवला. "सॉरी काकू, मला काहीच दिसलं नाही."

इतक्या दिवसांत कुणीही, कधीही, कशालाही टाळ्या वाजवत होतं, आणि आज टाळी वाजवण्यासारखं पहिल्यांदाच काही घडलं तर अख्ख्या जिममध्ये एक डोळा उघडा नव्हता! गीतांजलीने तिथल्या तिथे शेठना फोन लावला.

"शेठ, तुमचा शब्द परत घ्या! मी आज जमिनीवरून हात न टेकता उठले, आणि कुणी बघायला तयार नाही!"

पलीकडे शेठचा आवाज एकदम खाली आला. "हात न टेकता? खरंच? खालच्या लादीवरनं?"

"लादीवरनं."

"कसा केलात, ताई?"

एवढ्या दिवसांत तिला कुणी 'वा' म्हटलं होतं, 'ग्रेट' म्हटलं होतं. 'कसं' हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिचा राग क्षणात ओसरला. "सोपं आहे हो. पाय जवळ घ्यायचे, पुढे वाकायचं आणि उठायचं. बघा करून."

"थांबा. पोरांना भायेर काढतो." पावलं वाजली. दार लागलं. कडी लागली. मग बराच वेळ खुर्ची सरकल्याचे, टेबल कुरकुरल्याचे आणि शेठ कण्हल्याचे आवाज येत राहिले. "ताई. बसलो."

"शाब्बास! आता पाय जवळ. पुढे वाका. उठा!"

पलीकडे फक्त टेबल कुरकुरलं.

"उठा, शेठ!"

"ताई," फोनमधून अगदी बारीक आवाज आला. "उठाया होत नाय."

"मग पोरांना बोलवा."

"नको! ताई, तुमाला शपथ हाय, कोनाला सांगू नका. पोरं रडतील. व्हिडिओ काढतील."

"मग काय करायचं?"

"तुमी या ना. पन एक हाय..." शेठ धापा टाकत म्हणाले, "दाराला आतून कडी हाय."

गीतांजलीने पिशवी उचलली. "कडीचं मी आल्यावर बघते. तोवर काही खाऊ नका," असं म्हणून ती धावत जिना उतरली, आणि चौकात स्वतःच्याच दुमजली निषेधाखाली उभी राहून जासईसाठी रिक्षाला हात करू लागली. एकही रिक्षा थांबेना. ड्रायव्हर तिच्याकडे बघतच नव्हते.