सौजन्याचं प्रात्यक्षिक

समोरचा माणूस तोंड उघडत नाही तोवरच सौजन्य टिकतं, हे सत्य फार थोड्या संस्थांना उमगलं आहे. आमच्या प्रसूतिगृहाला ते उमगलं, याचं श्रेय मोठ्या डॉक्टरांना दिलंच पाहिजे.

झालं असं, की बाळंतिणींच्या तक्रारी वाढल्या. डॉक्टर अंगावर खेकसतात, नाव विचारत नाहीत, चादर वर करताना सांगत नाहीत, वगैरे. टाके घालता घालता डॉक्टरांनी फोनवर जुन्या गाडीचा सौदा केला, अशीही एकीची कुरकुर होती. (टाके उसवले. सौदा मात्र पक्का झाला.) व्यवस्थापनाने तातडीने समिती नेमली. सगळे सदस्य पुरुष होते, कारण बाळंतपणाकडे तटस्थपणे पाहणारी माणसं हवी होती. सौजन्याला सराव लागतो असा निष्कर्ष समितीने काढला आणि सरावासाठी एक रबरी बाई मागवली.

रबरी बाई म्हणजे आदर्श रुग्ण. ती कण्हत नाही, हात आवळत नाही, "अजून किती वेळ?" विचारत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्यासोबत आई येत नाही. मोठे डॉक्टर तिच्याशी काय मायेने बोलायचे! "कसं वाटतंय, ताई? तपासू का? दुखलं तर सांगा हं." तिने कधी सांगितलं नाही. समाधानी रुग्णांचं प्रमाण बघता बघता शंभर टक्क्यांवर गेलं (रुग्णसंख्या: एक).

प्रात्यक्षिकाच्या दिवशी समिती आणि शिकाऊ डॉक्टर रबरी बाईच्या खाटेभोवती जमले. दुर्दैवाने शेजारच्या खाटेवर एक खरी बाईही होती. शिवणकाम करणारी, दुसरी खेप, उशाशी आई. एरवी कामात चोख, पण प्रसंगाचं भान नाही.

"डॉक्टर, येतंय हो बाळ!"

"ओरडू नका. संध्याकाळ होईल अजून."

"अहो, पहिल्या वेळीही असंच धडाधड झालं होतं."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच हो. पण पोट माझं आहे ना!"

एक शिकाऊ डॉक्टर फिसकन हसला आणि मोठे डॉक्टर हसत नाहीत हे पाहून खोकला.

इथे विभागाची कार्यपद्धती समजून घेतली पाहिजे. जी ओरडते ती नाटकं करते, म्हणजे तिला वेळ आहे. जी गप्प असते तिला कळाच नाहीत, म्हणजे तिलाही वेळ आहे. सारांश, बाळ स्वतः बाहेर येऊन साक्ष देत नाही तोवर कोणतीही बाई बाळंत होत नसते.

"माझी लेक उगाच नाही बोलायची," आई म्हणाली. "नुसतं बघा तरी, बाबा."

"आजी, जरा गप्प बसा. इथे सौजन्य चाललंय."

एवढं बोलून डॉक्टरांनी रबरी हात हळुवार कुरवाळला. समितीने टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी शेजारी बाळाने साक्ष दिली आणि ते थेट आजीच्या ओंजळीत आलं. (आजीने हातमोजे घातले नव्हते, याची समितीने गंभीर दखल घेतली आहे.)

डॉक्टरांचं प्रसंगावधान वाखाणण्यासारखं. दोन ढांगांत येऊन त्यांनी नाळ कापली, बाळ गुंडाळून आजीच्याच हाती दिलं आणि "चला, बाहेर दाखवू या" म्हणत तिला पुढे घातलं. मुलगी झाली. दणकट, आणि नाक थेट बापाचं, म्हणजे सपाट. बापाने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, साहेब!" डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला नाही. फोटोसाठी समितीही बाहेर आली, समितीमागोमाग शिकाऊ डॉक्टर आले. मुलगी टाहो फोडत होती आणि सगळे कौतुकाने म्हणत होते, आवाज काय खणखणीत आहे! (ओरडू नकोस, असं तिला कोणी म्हटलं नाही. वय लहान आहे.)

आत खाटेवरून तिची आई म्हणत होती, "अहो, कुणीतरी या ना. रक्त थांबत नाहीये." अगदी हळू आवाजात म्हणत होती. एवढं सौजन्य ती शिकली होती.

तिचं ऐकायला खोलीत कोणीच उरलं नव्हतं. एक आपण तेवढे आत होतात, वाचकहो. पण आपणही ते नाक बघायला बाहेर आलात.