बान्ह मी आणि मी

आता सांगायला हरकत नाही. त्या गोष्टीला तीन महिने झालेत आणि बाथरूमची फरशीही नवीन बसली आहे.

सुरुवात झाली एका बुधवारी, दुपारच्या सुट्टीत. आमच्या ऑफिससमोर व्हिएतनामी सँडविचची, म्हणजे बान्ह मीची, एक गाडी लागते. मी आवक-जावक विभागात कारकून आहे. (आवक जोरात आहे. जावकेचं बघू.) त्या दिवशी मी पस्तीस मिनिटं रांगेत उभा राहिलो आणि माझ्या पुढे असलेल्या आमच्याच ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी शेवटचं सँडविच उचललं. गाडीवालीने हात झटकले, "संपलं, उद्या या."

माझा चेहरा बघून टायपिस्टबाईंना दया आली असावी. त्यांनी एक घास तोडून दिला. काय सांगू! वरून पाव असा कुरकुरीत, की चावल्याचा आवाज मागच्या माणसाला ऐकू जावा. आत मात्र कापूस. त्यात अंडं, काकडी, कोथिंबीर, मिरचीचा झटका आणि आंबट-गोड मुळा. डोळ्यांत पाणी आलं. (मिरचीमुळे. पण भावनाही होत्याच.)

इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी म्हणालो, "यात आहे काय एवढं? हे तर घरी होईल."

"तुम्ही कराल?" टायपिस्टबाईंनी विचारलं. त्यातल्या 'तुम्ही'वर त्यांनी असा काही जोर दिला, की मी संध्याकाळी घरी गेलो तो बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरलो आणि जाहीर केलं, "रविवारी मी बान्ह मी करणार!"

बायको एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कुठल्याही बातमीने ती दचकत नाही. तिने विचारलं, "बान्ह कोण?"

"बान्ह मी! पदार्थाचं नाव आहे."

"नावातच 'मी' आहे होय? तरीच तुम्हाला आवडला."

लेक कॉलेजला जाते आणि तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "बाबा, त्याचा पाव वेगळा असतो. तो विकत आणणार ना?"

"पावसुद्धा घरी," मी म्हणालो. जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक लागत नाही.

बायको हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. "रविवारी अण्णा जेवायला येणार आहेत. पंचाहत्तरावा वाढदिवस आहे त्यांचा. लक्षात आहे ना?"

लक्षात नव्हतं. पावाचं बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. कारण अण्णा म्हणजे माझे सासरे, आणि सासऱ्यांनी चव्वेचाळीस वर्षं बेकरी चालवली. अख्खं गाव त्यांच्या पावावर वाढलं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि बेकरी बंद झाली. त्या दिवसापासून अण्णांचं बोलणंही बंद झाल्यासारखं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." बाहेरचा पाव ताटात आला की अंगठ्याने एकदा दाबून बघायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे. बायकोला त्याचा फार घोर. वडील दिवसभर खिडकीत बसून असतात म्हणून ती कितीदा रडली आहे.

अशा माणसाला, त्याच्या वाढदिवशी, मी पाव करून घालणार होतो.

"हॉटेलात जाऊ या का?" बायकोने हळूच विचारलं. ही माझ्यासाठी उघडलेली खिडकी होती. मी ती आतून लावून घेतली.

शनिवारी सकाळी मी मुळ्या-गाजरांचं लोणचं घातलं. सोपं असतं. बारीक काड्या कापायच्या, व्हिनेगर-साखरेच्या पाण्यात बुडवायच्या. कृतीत लिहिलं होतं, 'झाकण सैल ठेवून बरणी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी.' मी घरभर फिरलो. आमच्या घरात अंधारी आणि थंड अशी एकच जागा निघाली. बायकोचं लोकरी कपड्यांचं कपाट. शालींच्या मागे बरणी बसवली आणि हुशारीबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवारी सकाळी बायको उठली ती नाकाला पदर लावूनच.

"अहो, वास कसला येतोय?"

खरंच येत होता. भयंकर होता. लेक म्हणाली उंदीर मेला असणार. बायको म्हणाली, "मी रोज दोनशे लोकांचे नमुने हाताळते, पण असला वास मी आजवर घेतलेला नाही." आणि मी? मी छातीठोकपणे म्हणालो, "ड्रेनेज! वरच्या मजल्यावरच्यांचं काम दिसतंय." एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. मी टेबलाशी बसून 'विषय : वरच्या मजल्यावरून येणाऱ्या दुर्गंधीबाबत' असा तक्रारअर्ज लिहिला आणि इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावून आलो. प्रत माहितीसाठी स्वतःलाच ठेवली.

अण्णा साडेबाराला यायचे होते. बायकोने नऊ वाजता प्लंबरला बोलावलं.

इकडे मी पीठ मळायला घेतलं होतं. मैदा, यीस्ट, पाणी. यीस्ट एक चमचा लिहिलं होतं, पण कुठला चमचा ते लिहिलं नव्हतं. मी वाढायचा घेतला. पीठ हाताला असं चिकटलं की दारावरची बेल वाजली तेव्हा मी कोपराने कडी काढली. प्लंबर माझ्या हातांकडे बघून दोन पावलं मागे सरकला.

"काय तुंबलंय साहेब?"

"हे ते नाही," मी म्हणालो. "हा पाव आहे."

तो बिचारा भिंतीला चिकटून आत शिरला. बाथरूममध्ये गेला आणि दहा मिनिटांत ठोकाठोक सुरू झाली. मग आतून हाक आली, "साहेब, मोठं भांडं द्या एक! पाणी येतंय!"

घरात मोठं भांडं एकच, आणि त्यात माझं पीठ फुगत होतं. बायकोने ते माझ्यासमोर उचललं, पीठ एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, पिशवीला गाठ मारली, माझ्या हातात दिली आणि भांडं घेऊन पळाली. पिठाला ऊब लागते एवढं मला वाचून माहीत होतं. मी पिशवी आमच्या पलंगावर ठेवली, वर रजई टाकली, कडा नीट दाबल्या. अगदी तापाचं पोर झोपवावं तसं.

तेवढ्यात प्लंबर बाहेर आला. "साहेब, तीन फरश्या काढल्या, खालचा पाइप उघडला. एकदम स्वच्छ आहे. इतका स्वच्छ पाइप मी आयुष्यात बघितला नाही."

"मग वास?"

"वास बाथरूममध्ये कमी आहे आणि बेडरूममध्ये जास्त," तो म्हणाला. ही गोष्ट सकाळपासून आमच्यापैकी एकाच्याही नाकाला समजली नव्हती. "ताई, हात पुसायला एखादं जुनं फडकं द्या."

बायकोने जुन्या फडक्यासाठी लोकरी कपड्यांचं कपाट उघडलं.

पुढचे काही क्षण मी सविस्तर सांगत नाही. वासाने एक भिंत उभी राहिली असं समजा. बायकोने शाली बाजूला केल्या, बरणी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. लॅबमध्ये काम केल्यामुळे तिच्या हातात बरणी अगदी पुराव्यासारखी दिसत होती.

"हे काय आहे?"

"मुळा," मी म्हणालो.

"मुळा व्हिनेगरमध्ये घातला की असाच वास मारतो बाबा," लेक मोबाइलमध्ये बघून म्हणाली. "इथे लिहिलंय ना, खाली. 'वासाने घाबरू नये.'"

मी ते पान वरच्या अर्ध्यापर्यंतच वाचलं होतं.

प्लंबरने बरणीत बोट घालून एक काडी उचलली, तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली. "चव बरी आहे," तो म्हणाला. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो एकमेव माणूस.

मी नोटीस बोर्डावरचा अर्ज काढायला खाली धावलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तिथे चष्मा लावून तो दुसऱ्यांदा वाचत होते. मी म्हणालो, "चुकून लागला." ते म्हणाले, "सही तुमची आहे." मी म्हणालो, "तीही चुकून." आणि कागद खिशात घालून जिना चढलो, तर दार उघडं आणि आत अण्णांच्या चपला. साडेअकराच वाजले होते. पण बेकरीवाला माणूस, आयुष्यभर वेळेच्या आधी उठलेला. तो वेळेवर कसा येईल?

हॉलमध्ये सोफ्यावर प्लंबरची हत्यारं, खुर्च्यांवर वाळत घातलेल्या शाली. अण्णांचे गुडघे उभं राहू देत नव्हते. त्यामुळे ते काठी टेकत सरळ बेडरूममध्ये गेले होते आणि मी दारात पोचलो तेव्हा ते पलंगावर बसत होते.

"अण्णा, तिथे नको!" मी ओरडलो.

पण गुडघेदुखीवाला माणूस बसायला लागला की मधे थांबत नाही. फस्सकन आवाज झाला. रजईखालून अण्णांच्या दोन्ही बाजूंना काहीतरी हळूहळू वर आलं.

बायकोने डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतला, जावईपणाच्या.

अण्णा उठले नाहीत. ते जरासे डावीकडे कलले. मग उजवीकडे. डोळे मिटले आणि कान देऊन ऐकावं तसे बसून राहिले.

"पीठ आहे?" ते म्हणाले.

"हो अण्णा," मी कसंबसं म्हणालो.

"पाणी जास्त झालंय." पुन्हा कलले. "फुगलंयही जास्त. यीस्ट किती घातलंत?"

"एक चमचा."

"कुठला?"

मी हाताने आकार दाखवला. अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी रजई दूर केली, पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की लग्नात मी अंगठी विसरलो होतो तेव्हाही तसं बघितलं नव्हतं.

"मीठ नाही यात!"

बायको माझ्याकडे वळली, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बघत होती अण्णांकडे. दोन वर्षांत अण्णांनी सलग इतकी वाक्यं उच्चारली नव्हती. आणि ते अजून थांबले नव्हते.

"ओव्हन कुठाय? पेटवा. मैदा शिल्लक आहे का? आणा. हे फुकट नाही जायचं, अजून मैदा घालून सावरू. स्टूल द्या मला बसायला. आणि हे हात कुणाचे, तुमचे? धुवा आधी." शेवटचं वाक्य प्लंबरला होतं. तो निमूटपणे हात धुवायला गेला. मग त्याच्या लक्षात आलं की घराचा मुख्य नळ त्यानेच बंद केला आहे.

पुढचा दीड तास अण्णा स्टुलावर बसून होते आणि आमचं स्वयंपाकघर बेकरी झालं होतं. पिठाचा गोळा तळव्याखाली आला आणि त्यांच्या हातांना सगळं आठवलं. गोळा लांबवला, वळला, पुन्हा लांबवला. लेक बाजूला उभी राहून शिकत होती. वरून तिरका काप कसा द्यायचा, ओव्हनमध्ये खाली पाण्याचा ट्रे का ठेवायचा, वाफ मिळाली नाही तर पावाची साल कशी रुसते. बायको कांदा नसतानाही डोळे पुसत होती. मी मदतीला पुढे सरसावलो, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जरा लांबून बघा. लांबून छान दिसतं."

पाव बाहेर आले तेव्हा त्यांची साल थंड होताना तडतडत होती. अण्णांनी एक पाव कानाशी धरला आणि हसले. मोठ्याने हसले! मग त्यांनी पावाला अंगठा लावला, दाबला, सोडला. पाव परत वर आला. आणि तो पाव त्यांनी बाजूला ठेवला नाही.

आम्ही पाच जण जेवायला बसलो. प्लंबरला बायकोने जाऊच दिलं नाही. (तशीही फरशी उघडी होती, तो जाणार कुठे?) अंडी तिने तळली होती, काकडी लेकीने चिरली होती आणि मुळा माझा होता. खिडक्या सताड उघड्या ठेवून सगळ्यांनी तो खाल्ला. अण्णांनी दोन सँडविच संपवली, तिसऱ्याचा अर्धा भाग घेतला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी मैदा मी आणतो. तुमचा बरा नाही."

तेव्हापासून दर रविवारी अण्णा येतात. खिडकीत बसणं संपलं. आता ते आठवडाभर पिठाचाच विचार करतात आणि बायकोला फोन करून सूचना देतात. प्लंबरही येतो, ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं ते त्याने स्वतःहून दुरुस्त केलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थसुद्धा वास आला की खाली उतरतात. हो, पावाच्या वासाने. मी ऑफिसात अर्थातच सांगितलं आहे, की आमच्याकडे दर रविवारी बान्ह मी असतं आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. यात खोटं काय आहे?

गेल्या आठवड्यात लेकीने फ्रिजवर कामांचा तक्ता लावला. सुबक अक्षरात, कारकुनालाही आवडेल असा. अण्णांच्या नावापुढे पाव, बायकोच्या पुढे अंडी, स्वतःच्या पुढे काकडी-कोथिंबीर, प्लंबरकाकांपुढे मुळा. (हो, मुळासुद्धा. त्यांच्या हाताला वास कमी येतो म्हणे.) सगळ्यात खाली माझं नाव होतं. मला उगाच भरून आलं. माझ्या नावापुढे एकच शब्द होता, 'बाहेर'.

मी लेकीला विचारलं, "बाहेर म्हणजे बाहेरची कामं ना? भाजी आणणं, अंडी आणणं, असं?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "नुसतं बाहेर."