सर्वाधिक नापास विषय वगळण्याबाबत

शिक्षणाचा हेतू विद्यार्थ्याला उत्तीर्ण करणे हा असून, शिकणे ही त्यातली मुख्य अडचण आहे. आमच्या संगणकशास्त्र विभागाने ही अडचण वेळीच ओळखली, हे मी अभ्यासक्रम समितीचा चिटणीस या नात्याने अभिमानाने नमूद करतो.

पदवीला सहा विषय होते. पैकी गणितात शंभरातली एकेचाळीस मुलं नापास होत. समितीने दोन चहांत ठराव केला: ज्या विषयात सर्वाधिक मुलं नापास होतील, तो विषय दरवर्षी वगळावा.

गणिताच्या बाई गेली वीस वर्षं शिकवत होत्या. विषय गेला की नोकरीही जाणार होती. त्या उभ्या राहिल्या. "अहो सर, दरवर्षी कुठला ना कुठला विषय सगळ्यांत वर असणारच की!"

"बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत गणित आणता," विभागप्रमुख म्हणाले. (इतिवृत्तात याची नोंद 'सविस्तर चर्चा झाली' अशी आहे.)

बाई गेल्या. सुंठेवाचून खोकला गेला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

दुसऱ्या वर्षी अल्गोरिदम वगळला, कारण गणिताशिवाय तो कुणाच्या डोक्यात शिरेना. तिसऱ्या वर्षी डेटाबेस. चौथ्या वर्षी नेटवर्क गेलं, त्यात तिघेच नापास होते, पण सर्वाधिक ते सर्वाधिक. पाचव्या वर्षी उरले दोन: संभाषणकौशल्य आणि खुद्द विभागप्रमुखांचं प्रोग्रामिंग. संभाषणात सगळे पास. प्रोग्रामिंगमध्ये एक नापास, तोही परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला होता म्हणून.

विभागप्रमुख मला घेऊन बाईंच्या घरी गेले. "बाई, काहीतरी मार्ग काढा हो. माझी नोकरी जाते आहे."

"हे होणार, ते पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, सर. बसा, चहा टाकते."

चहा उत्तम होता.

आता पदवीला एकच विषय आहे आणि निकाल शंभर टक्के. यंदाच्या माहितीपत्रकात निकाल पहिल्या पानावर ठळक छापला; विषय, लपवाछपवी नको म्हणून, शेवटच्या पानावर. पालकहो, पान न उलटता सही केलेले चारशे बारा अर्ज आले आहेत, त्यांत तुमचाही आहे. चिरंजीवांचं अभिनंदन. ते पास झाले आहेत, वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतील.