घशाच्या डॉक्टरांचा घसा

"सर, जीभ जरा आणखी बाहेर."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिभा फडक्यात धरून बाहेर ओढल्या, त्याची जीभ आज दुसऱ्याच्या हातात होती. हातही परक्याचा नव्हता. कान, नाक आणि घसा या तिन्ही गल्ल्यांतून ज्याला डॉक्टरांनी बोट धरून फिरवलं, तो त्यांचा जुना विद्यार्थीच आज आरसा त्यांच्या घशात धरून बसला होता.

दुखण्याचं कारण उघड होतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लोकांना ऐकू येत नसे, त्यामुळे डॉक्टरांना दिवसभर ओरडावं लागे. मागच्या आठवड्यात एका आजोबांना, थेंब कानात घालायचे आहेत, प्यायचे नाहीत, हे सांगता सांगता त्यांच्या घशात काहीतरी टचकन झालं आणि आवाज बसला तो बसलाच.

"स्वरतंतूवर रक्त साकळलंय," विद्यार्थी आरसा पुसत म्हणाला. "सूज बरीच आहे. सुजेखाली आणखी काही आहे का, ते आत्ता दिसत नाही. आठवडाभर अगदी मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्याने जास्त ताण येतो, तुम्हीच शिकवलंत. पुढच्या आठवड्यात परत बघू, मग सांगतो."

मग सांगतो. डॉक्टरांनी स्वतः हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. ऐकवून ते निवांत जेवायला जात. ऐकणारा पुढचे दिवस कसे काढतो, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्या रात्री मात्र त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आवाज परत आलाच नाही तर, आणि सुजेखाली नको ते निघालं तर, या दोनच गोष्टी ते आलटून पालटून घोळवत राहिले. बायकोला यातलं काही कळू दिलं नाही. न बोलण्याचा तेवढाच एक फायदा होता.

"आठवडाभर दवाखाना बंद ठेवा," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर खरडलं, "बघायला डोळे लागतात, तोंड लागत नाही."

"आणि लोक विचारतील तेव्हा?"

खरी मेख तिथेच होती. घशाच्या डॉक्टरचाच घसा बसला, ही बातमी फुटली असती तर लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली असती. तेव्हा कुणालाही काही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद काउंटरवरच्या ताईंना मिळाली. ताई म्हणजे विश्वासू बाई. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग सर, कुणी विचारलं तर काय सांगू?" डॉक्टरांनी हवेत हात उडवला. त्याचा अर्थ ताईंनी आपल्या परीने लावला.

पहिला दिवस झकास गेला. एका छोटीच्या नाकातून मणी निघाला, एकाच्या कानातून कापसाचा बोळा निघाला. थेंबवाले आजोबाही येऊन गेले. डॉक्टर अवाक्षर बोलले नाहीत, पण आजोबा जाताना ताईंना म्हणाले, "आज डॉक्टर कसे छान सावकाश बोलले." डॉक्टरांना वाटलं, चला, निभावलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. टाचण्या ओठांत धरून काम करायची त्यांची सवय. एकदा काम करताना जोराची शिंक आली, आणि तेव्हापासून एक टाचणी आपल्या घशात अडकलीय अशी त्यांची खात्री झाली होती. एक्स-रे झाला, दुर्बीण झाली, टाचणीचा पत्ता नाही. तरी ते अधूनमधून येत. डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण आत सोडत आणि तोंडाने सुरू करत, "काही नाही, मास्तर. लाल नाही, सूज नाही. टाचणी नाही, दोरा नाही, बटणही नाही." मास्तर हसत आणि खडखडीत बरे होऊन जात. मग टाचणी परत टोचायला लागेपर्यंत त्यांचं छान चाले. थोडक्यात, दुर्बीण डॉक्टरांच्या समाधानासाठी होती आणि औषध त्यांच्या बडबडीत होतं. पण हे डॉक्टरांना तरी कुठे ठाऊक होतं?

त्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि खोलीत नुसती शांतता.

बोलायचं काम नसल्यामुळे डॉक्टरांनी मास्तरांचा घसा प्रथमच सवडीने पाहिला. किती सुरेख घसा होता तो. स्वरतंतू पांढरेशुभ्र, कुठे डाग नाही, सूज नाही. बघता बघता डॉक्टरांना स्वतःचे आठवले. त्यांनी बघणं थांबवलं नाही, पण चेहरा पार उतरला आणि एक मोठा उसासा बाहेर पडला.

खुर्चीत डोळे विस्फारून बसलेल्या मास्तरांनी तो चेहरा पाहिला आणि उसासाही ऐकला.

"डॉक्टरसाहेब," दुर्बीण निघाल्यावर ते चाचरत म्हणाले, "काय आहे ते सांगून टाका."

डॉक्टरांना बिचाऱ्याची दया आली. त्यांनी प्रेमाने मास्तरांची पाठ थोपटली, खांद्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. शिवाय माणूस धीराच्या शब्दाविना जायला नको म्हणून औषधाच्या कागदावर लिहूनही दिलं, "घसा उत्तम आहे. काळजी नको." मास्तरांनी कागदाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि खाली मान घालून निघून गेले. लिहून दिल्याचं समाधान डॉक्टरांना दिवसभर पुरलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी बायको बाहेरून आली. तिच्या हातात तिने शिवायला टाकलेलं कापड होतं, जसंच्या तसं, कैचीही न लागलेलं.

"मास्तरांना काय सांगितलंत तुम्ही?" तिने दारातूनच विचारलं.

डॉक्टरांनी खांदे उडवले. ते काय सांगणार होते, कपाळ?

"सगळ्यांची कापडं परत करत सुटलाय तो. उद्या सकाळी मशीन मेव्हण्याकडे आणि दुकानाची किल्ली मालकाकडे. दोघं नवरा-बायको मुलीकडे जाऊन राहणार. उरलेले दिवस, म्हणे. बायको बिचारी डोळे सुजेपर्यंत रडलीय."

डॉक्टर ताडकन उठले आणि त्यांनी हाताने आपण कागदावर लिहून दिल्याची खूण केली.

"तो कागद? त्यावरचं अक्षर त्याला लागलं नाही, म्हणून तो औषधाच्या दुकानात घेऊन गेला. तुमचं अक्षर तो दुकानदार तरी कुठे वाचतो? कागदाचा तोंडवळा बघून डबा काढतो. हा तोंडवळा ओळखीचा निघाला नाही. तेव्हा म्हणाला, हे औषध माझ्याकडे नसतं, मोठ्या शहरातून मागवावं लागेल. झालं. मास्तर तिथेच मटकन बसला."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"आणि आपल्या ताई काय कमी आहेत? त्याने विचारलं, डॉक्टर बोलत का नाहीत. तर म्हणाल्या, सरांचं मन थाऱ्यावर नाही, तुम्ही समजून घ्या. तो काय समजायचं ते समजला."

डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलं, "त्याला काहीही झालेलं नाही. तू जाऊन सांग."

"सांगितलं की. तुम्हाला बोलायची बंदी आहे, हेही सांगून टाकलं. तर हसला. म्हणाला, वहिनी, तुम्ही मनाच्या चांगल्या. आता मला असंच बोलणारी माणसं भेटत राहणार." ती खाली बसली. "अहो, मी किंवा ताई किंवा आणखी कुणी सांगून भागायचं नाही. तो तुमच्या तोंडून ऐकायचीच वाट बघतोय. पण तुम्ही बोलायचं नाही, सांगून ठेवते. आवाज कायमचा गेला म्हणजे?"

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. घसा आपला आणि भीतीही आपली, पण ती गेले दोन दिवस दुसराच माणूस भोगत होता. आपल्याकडे निदान "मग सांगतो" एवढं तरी आहे, त्याच्याकडे तेही नाही. त्यांनी चपला पायात सरकवल्या. बायकोने अडवलं नाही. तीही मागोमाग निघाली.

दुकानात मास्तर मशीनला चादर गुंडाळत होते. त्यांची बायको डबे बांधत होती. दारात डॉक्टरांना पाहून मास्तरांनी चादर तशीच सोडली.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "स्वतः आले. डॉक्टर कधी आपण होऊन येतात का कुणाकडे? म्हणजे फारच थोडे दिवस."

डॉक्टरांनी जोरजोरात दोन्ही हात हलवले. मास्तरांनी ते हात समजुतीने आपल्या हातात धरले. "असू द्या, डॉक्टरसाहेब. तुमचा तरी काय इलाज."

आता दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी बायकोकडे एकदा पाहिलं, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"मास्तर, तुमचा घसा ठणठणीत आहे."

आवाज कसला, गंजलेली कैची पत्र्यावर ओढावी तसं काहीतरी निघालं. मास्तरांच्या बायकोच्या हातातला डबा खाली पडला. मास्तर डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"हा आवाज तुमचा?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"म्हणजे वहिनी म्हणत होत्या ते खरं. म्हणून तुम्ही बोलत नव्हतात?"

मान पुन्हा हलली.

"आणि तो उसासा?"

डॉक्टरांनी आधी मास्तरांच्या गळ्याकडे बोट केलं आणि मग ओशाळून स्वतःच्या. मास्तरांना सगळा उलगडा व्हायला क्षणभर लागला.

"म्हणजे माझा घसा बघून तुम्ही तुमच्या घशासाठी हळहळत होतात?"

"आणि मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही," मास्तरांची बायको म्हणाली. रागाने म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला हुंदका आला. आनंदाचाच होता तो. तिने बांधलेले डबे त्याच झपाट्याने सोडायला घेतले.

मास्तर मशीनला टेकून उभे होते. त्यांना हसू फुटत होतं, पण मध्येच त्यांचा चेहरा पडला. "चार जणांची माफी मागून बसलो हो मी. त्यातल्या दोघांची तर चूक सरळसरळ त्यांचीच होती. ती आता परत कशी घ्यायची?"

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले. मास्तरांनी चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"एक शब्द बोलायचा नाही. इथे बसा."

त्यांनी डॉक्टरांना स्टुलावर बसवलं. मशीनवरची चादर ओढून काढली, मशीनचा दिवा लावून वाकवला आणि डॉक्टरांच्या तोंडाशी आणला. दवाखान्याच्या खुर्चीतले सगळे विधी त्यांना तोंडपाठ होते.

"आ करा. मोठा. जीभ बाहेर."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. त्यांनी मुकाट्याने आ केला. मास्तर वाकून, एक डोळा बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघत तसे आत बघत होते. आणि बघता बघता त्यांची टकळी सुरू झाली, "हं. थोडं लाल आहे. फार नाही. इकडून बरंय. इकडूनही बरंय. उगाच जिवाला घोर लावण्यासारखं इथे मला काहीच दिसत नाही, डॉक्टरसाहेब. आवाज येतोय तुमचा परत. मी सांगतो ना."

मास्तरांना घशातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिवाय असा दिवा धरून स्वरतंतू दिसतच नाहीत, पडजीभ दिसते फार तर, हे डॉक्टर वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. पण छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं, आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपल्यावर घरी जायच्या आधी डॉक्टर मास्तरांच्या दुकानात शिरले, स्टूल पुढे ओढलं आणि आ करून बसले.