सुनेच्या झोपेची तयारी

मी चौथी पास आहे. सही करते. बँकेत, रेशनच्या दुकानात, बचत गटात, कुठंच आजवर अंगठा लावला नाही. आणि लावला तो कुठं, तर सुनेनं पाठवलेल्या फोटोखाली, मोबाईलमध्ये. तिथून माझी जी कंबर गेली ती अजून जागेवर आली नाही. म्हणून हे बसून लिहून राहिली. (एकदा बसलं का मला उठवत नाही, तर म्हटलं बसल्या बसल्या काहीतरी होऊ दे.)

आमचं घर गोंदियाजवळ मुर्रीला. स्लॅबचं आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या स्लॅबसाठी मी केवलरामच्या मागं किती वर्षं लागली होती ते गल्लीला माहीत आहे. केवलराम म्हणजे आमचा नवरा. गल्लीला आमचं सगळंच माहीत असते, कारण माझा आवाज थोडा मोठा आहे. आमच्या सासूबाई, सुंदरबाई, त्यांना कानानं कमी येते. आता बहिऱ्या माणसाच्या घरात माणूस हळू बोलून करणार काय?

तर दिवाळीत तिलक, आमचा पोरगा, लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन पुण्याहून आला. रुची तिचं नाव. दोन रात्री घरी झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे असे लाल, जशी काही चुलीत फुंकर मारून आली. तिलक माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आई, रुचीची इथं झोप होऊन नाही राहिली. आम्ही रात्री गोंदियात हॉटेलात झोपतो. सकाळी येतोच ना घरी."

"काऊन? काय कमी आहे इथं?"

"कमी काही नाही," तो म्हणाला, आणि बूट घालायला लागला.

चांगलं रंगवलेलं घर, फरशी, पंखा, सगळं सोडून सून लॉजवर. भिंतीला भिंत लागून राहणारी सुलोचनाबाई दुसऱ्याच दिवशी साखर मागायला आली. तिच्या घरी साखरेचं पोतं असते.

"काऊन वं शामकला, सुनेले खोली नाई देली का?"

"देली ना!"

"मंग रात्री बॅग घेऊन कोठी जाते ते?"

काय सांगू? त्या दिवसापासून मी एकच ठरवलं. संक्रांतीला ते परत येणार होते. या वेळी सून घरातच झोपली पाहिजे. मला तिच्याकडून स्वयंपाक नको, पाया पडणं नको. तिनं माझ्या घरी नुसतं झोपावं. एवढं स्वस्त मागणं कोणत्या सासूनं केलं असेल सांगा.

आणि तेवढ्यात तो फोटो आला.

फोटोत एक खोली होती. मातीच्या भिंती. लाकडी बाज, बाजेवर गोधडी. खुंटीला कंदील. भिंतीवर सूप आणि टोपल्या टांगलेल्या (भिंतीवर! जणू देव आहेत). एका मडक्यात वाळलेलं गवत खोचलेलं. खाली रुचीनं लिहिलं होतं, 'आई, बघा किती कोझी! कंट्री स्टाइल बेडरूम. इथे काय झोप लागेल ना!'

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. ज्या मातीच्या घरातून बाहेर यायला माझा जन्म गेला, ज्या भिंती दरसाल लिपून लिपून माझ्या बोटांची नखं गेली, त्या खोलीखाली सुनेनं लाल बदाम टाकला होता. केवलरामला दाखवला.

"कंट्री?" ते म्हणाले. "कंट्री तर भट्टीवर भेटते."

"गप बसा जी. झोपायची खोली आहे हे."

"तेच त म्हणतो. कंट्रीनं झोप लागतेच."

त्यांना बाजूला केलं आणि फोटोखाली अंगठा दाबला. लगेच तिकडून बदामच बदाम. 'आई, तुम्हालाही आवडलं!!' मग रोज फोटो यायला लागले. कधी कंदील, कधी पडदे, कधी नुसती एक उशी. मी प्रत्येकाला अंगठा दिला. मला रोगाचं औषध सापडलं होतं. पोरीला गुलाबी ऑइल पेंटमध्ये झोप येत नाही. तिला माती पाहिजे. मातीची काय कमी आहे आमच्याकडे?

पण बाज नव्हती, कंदील नव्हता. स्लॅब टाकला त्या साली मी ते सगळं भंगारवाल्याला देऊन स्टीलचे गंज, पातेले घेतले होते. म्हणून आम्ही गोंदियाला गेलो, छोटेलालच्या जुन्या सामानाच्या दुकानात. तिथं मी कंदिलाला हात लावताच छोटेलाल ओरडला, "भाभीजी, हाथ मत लगाओ! एंटीक है. राजघराने का पीस."

मी कंदील उजेडाकडे फिरवला.

"राजघराने का? ये पोचा दिख रहा है?"

"पुराना माल है, पोचा तो रहेगा."

"ये पोचा मैंने पाडा है! इनके घुटने पे!"

छोटेलालनं केवलरामकडे पाहिलं. केवलरामनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि व्रण दाखवला. "हाव," ते शांतपणे म्हणाले, "हाच होय तो कंदील."

मग मी छोटेलालशी थोडी बोलली. (थोडीच.) शेजारच्या कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली, रस्त्यावर एक ई-रिक्षा थांबली, आणि छोटेलाल कानावर हात ठेवून म्हणाला, "ले जाओ भाभी, बाज भी ले जाओ, जो देना है दे दो, बस आवाज कम करो, धंदे का टाइम है." माझ्या आवाजाचा असा उपयोग होतो. घरातल्या लोकांना किंमत नाही.

आता भिंती. लिपायच्या कामात मुर्रीत माझा हात धरणारी बाई नव्हती. पण ते काम सोडून खूप वर्षं झाली होती, आणि हातापायांना ते चांगलं आठवत होतं. माती चाळली, भुसा मिसळला, शेण कालवलं, घमेलं उचललं की गुडघा म्हणे 'बस', आणि खाली बसलं की कंबर म्हणे 'आता उठून दाखव'. सासूबाई दारात काठी टेकून पाहत होत्या.

"फरशीच्या घरात शेण कायले नेऊन राहिली वं?"

"सुनेसाठी!" मी ओरडली.

"कोणासाठी?"

"सु-ने-सा-ठी!"

पलीकडून भिंतीवरून सुलोचनाबाईचा आवाज आला, "सुनेसाठी म्हणते, मावशी!"

केवलराम भिंतीवर बोट घासत होते. "अवं, ऑइल पेंटावर माती थांबन का? मातीले माती धरते. हे त काचेसारखं आहे."

"तुम्ही लिपलं का कधी आयुष्यात?"

"नाई."

"मंग?"

माणूस गप्प झाला. (माझं हेच चुकते. माणूस गप्प झाला म्हणजे मी बरोबर, असं मला वाटते.) दोन दिवसांत सगळी खोली लिपून, वरून छुई मातीचा पांढरा हात दिला. सूप टांगलं, टोपल्या टांगल्या, कंदील खुंटीला. बाजेवर गादीच्या जागी नव्या धानाची तणीस, म्हणजे पेंढा, चांगली हातभर जाड, वर सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. पूस महिन्याच्या थंडीत तणसीसारखी ऊब कापसालाही नसते. मडक्यात धानाच्या लोंब्या खोचल्या. खरं सांगते, दारात उभी राहून पाहिलं तर फोटोपेक्षा चांगली खोली झाली होती. मीच तिथं आडवी होणार होती, पण मग मला उठवायला माणूस लागला असता.

फक्त भिंती ओल्या होत्या. पोरं येणार त्या दुपारी मी केवलरामला बजावलं, "मी रिक्षा घेऊन स्टेशनवर चालली. खोलीचं दार उघडंच ठेवा, हवा लागू द्या. अंगणाचा दरवाजाही उघडा ठेवा. काहीच बंद नाई करायचं, समजलं?"

"अन् म्हस सोडली आहे पाण्यासाठी..."

"मी काय सांगून राहिली? दार उघडं!"

त्यांनी दार उघडं ठेवलं. नवरा माझा तसा ऐकणारा आहे.

स्टेशनवरून रिक्षात येताना रुची माझ्याशी गोड बोलत होती. मी म्हटलं, "तुझ्यासाठी गंमत केली आहे, बेटा. आता हॉटेलाचं नाव काढशील तर सांग." तिनं तिलककडे पाहिलं. तिलकनं रिक्षाच्या टपाकडे पाहिलं.

घरात शिरलो. खोलीच्या दारात मी तिला हात धरून थांबवलं. "डोळे मिट," म्हटलं. तिनं मिटले. मी तिला आत नेलं आणि म्हटलं, "आता पाह्य."

आमची म्हैस चांदणी खोलीच्या मधोमध उभी होती. बाजेवरची तणीस अर्ध्याहून जास्त खाऊन झाली होती आणि उरलेली ती निवांत खात होती. लोंब्या आधीच संपल्या होत्या. गोधडी एका शिंगावर, डोक्यावर पदर घेतल्यासारखी. तिनं पाठ खाजवली असेल, भिंतीला नुसतं अंग लावलं असेल. माती चादर ओढावी तशी वरपासून खालपर्यंत उतरली होती आणि मागचा गुलाबी ऑइल पेंट, धुतल्यासारखा, चमकत होता. फरशीवर माती, सूप, टोपल्या. शिवाय चांदणीनं आपल्याकडून थोडं ताजं शेणही दिलं होतं, लिपायला कमी पडलं असेल म्हणून.

मी ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही. चांदणी बाहेर गेली, केवलराम म्हशीच्या कोठ्यातून आत आले, सुलोचनाबाई अंगणात आली आणि सासूबाई काठी घेऊन मागून.

"आई, हे काय केलं तू?" तिलक म्हणाला.

"तुझ्या बायकोसाठी केलं! तिले मातीची खोली पाहिजे होती ना! कंट्री पाहिजे होती!"

रुची हसत होती की रडत होती ते मला कळेना. दोन्ही करत होती. "आई, मी नुसता फोटो पाठवला होता हो. ऑफिसातून थकून आले की पडल्या पडल्या असे फोटो बघते. बरं वाटतं. तिलकला पाठवले तर तो उघडूनही बघत नाही. तुम्ही एकट्याच अंगठा द्यायच्या."

मी मातीच्या ढिगाऱ्यावरच बसली. (उठायचं कसं ते नंतर पाहू म्हटलं.) माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती. "मंग या खोलीत तुला झोप काऊन नाही आली, बेटा? ते तरी सांग. रंग नाही, गादी नाही, मंग काय?"

रुचीनं तिलककडे पाहिलं, तिलकनं बापाकडे, बाप म्हैस गेली त्या दाराकडे पाहत राहिला. सुलोचनाबाईला तर एकदम घरचं काम आठवलं, पण गेली नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "मी सांगतो. अवं शामकला, तू पहाटे चारले उठते अन् बोंबलते. केवलरामावर, म्हशीवर, बंबावर, नळावर. मले ऐकू येत नाई, तरी मी दचकून उठतो. ह्या पोरीले त दोन चांगले कान आहेत."

मी सगळ्यांकडे पाहिलं. एकानंही 'नाही नाही' म्हटलं नाही. केवलराम तर गुडघा चोळत होते.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माती बाहेर काढली. रुचीनं साडी खोचून घमेली उचलली, माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "कंदील राहू द्या हं, आई. छान आहे." गादी घातली, आणि पोरं घरीच झोपली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठली आणि तोंडातून शब्द काढला नाही. केवलरामला हातानं खुणा केल्या, त्यांना कळल्या नाहीत, ते पुन्हा झोपले. चांदणीजवळ मुकाट बसली तर ती मागं वळून वळून पाहे आणि दूध सोडेना. सडा टाकला, तो पण हळू. सून झोपून होती. ऊन वर आलं, खिडकीतून तिच्या पायावर पडलं, तरी झोपून होती. मी दारात उभी राहून पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं बाई, जिंकली तू.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. सुलोचनाबाई, मागं गल्लीतल्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. केवलराम नुकतेच उठून दात घासत होते. सुलोचनाबाईनं त्यांच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "केव्हा गेली जी?"

"कोण?"

"शामकला. सकाळपासून आवाज नाई आला. आमचा नळ गेला, पोट्ट्यांची शाळेची गाडी गेली. आमी म्हटलं, नक्कीच..."

मला राहवलं नाही. "कोण मेली वं?" मी आतून विचारलं, आणि खोलीत सून ताडकन उठून बसली.

पण ती राहिली. सुट्टी संपेपर्यंत घरीच झोपली, हॉटेलाचं नाव काढलं नाही. मी अजूनही पहाटे मुक्यानं काम करते, सवय ठेवते. फक्त गल्लीनं मागच्या महिन्यात पंचायतीत अर्ज दिला, की नळाच्या वेळी उठवायला आता कोणी नाही, तरी गल्लीत भोंगा बसवावा. अर्ज सुलोचनाबाई मलाच दाखवायला घेऊन आली. पहिली सही केवलरामची होती. खाली सासूबाईंचा अंगठा.