बोकडाने ओलांडलेलं गामेलान

लग्नाच्या आदल्या सकाळी बू तुमिराने अंगणात चटया अंथरल्या, घमेल्यात चिंचेचा कोळ कालवला आणि घरचं गामेलान, म्हणजे काशाच्या पट्ट्यांचा वाद्यमेळ, धुवायला काढलं. बू म्हणजे आई. पण करांगवुनी वाडीतली तिच्याहून थोरली माणसंही तिला बूच म्हणत, कारण गामेलान वाजवणाऱ्या बायकांची ती म्होरकी होती. त्या दिवशी सोमवार होता. सोमवार-गुरुवारचा रोजा तिने नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, एकदाही चुकवला नव्हता. उद्या मंगळवारी लेकीचं, वेनिंगचं, लग्न. नवरा-नवरीची समोरासमोर गाठ पडेल ती याच काशाच्या पट्ट्यांच्या नादावर पडावी, एवढं एक वेनिंगच्या बापाने जाताना मागून ठेवलं होतं. ते पार पडलं की देवाकडे बूचं स्वतःसाठी काही मागणं उरलं नव्हतं.

खटकत होती ती एकच गोष्ट. जेवणं झाल्यावर वाजवायला व्याह्यांनी सुगेंगला बोलावलं होतं. सुगेंग म्हणजे एक कीबोर्ड, कपाटाएवढे चार स्पीकर आणि दांगदुतची नाचरी गाणी. सुगेंगचं दांगदुत सुरू झालं की तळ्यातले मासेही कंबर हलवतात, असं पोरं कौतुकाने सांगत. बूला माशांचीच दया येई.

"स्पीकर गोठ्यामागे लावा म्हणावं," ती हळूच म्हणाली. ती आवाज कधी चढवत नसे, आणि म्हणूनच तिचा शब्द मोडायची कुणाची छाती होत नसे.

पट्ट्या धुवायला पलीकडच्या सुंबर वाडीतल्याही बायका आल्या. त्यांची म्होरकी बू सार्जियेम मात्र नुसती आली नाही, हातगाडीवर आपल्या वाडीच्या गामेलानच्या पट्ट्या घालून आली.

"चिंच कालवलेलीच आहे, म्हटलं आमचंही न्हाणं उरकून घ्यावं."

"लग्न माझ्या लेकीचं आणि न्हाणं तुझ्या गामेलानचं का?"

"अगं, वाटल्याने पुण्य कमी होतं का कुठे?"

बूने चटई सरकवून जागा केली. दुपारपर्यंत दोन चटयांवर दोन वाड्यांच्या मिळून ब्याऐंशी पट्ट्या लखलखू लागल्या. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. सुराला मात्र नाही. गामेलानचं असंच असतं. ज्याचा सूर त्याच्या घरचा, शेजाऱ्याशी तो जुळत नाही आणि जुळावा असं कुणाला वाटतही नाही.

तेवढ्यात उद्याच्या रश्श्यासाठी आणलेला बोकड दावं तोडून आला आणि पाहुण्यासारखा सावकाश पट्ट्यांच्या दिशेने निघाला.

"ओलांडू देऊ नका!" बूच्या तोंडून प्रथमच किंकाळी निघाली. वाद्यावरून पाय टाकणं हा केवढा अपमान, ते तिथे तान्ह्या पोरालाही कळतं. बोकडाला कळत नव्हतं. वीस बायका एकदम उठल्या, हाताला लागेल ती पट्टी उचलून मोठ्या टोपलीत टाकू लागल्या. बोकड उरलेल्या तीन पट्ट्यांवरून शांतपणे पलीकडे गेला आणि केळीची पानं खायला लागला.

"बोकडाने ओलांडलेलं धरतात का गं?" एकीने विचारलं.

"त्याला धर्म कुठे असतो? धरत नाहीत."

"उद्या त्याचा रस्सा आपणच खाणार. मग तो अपमान आपल्या पोटात गेला म्हणायचा!"

हा वाद अर्धा तास चालला. टोपली मात्र भरलेलीच राहिली. तिच्यात काय झालंय ते कळलं, ते पट्ट्या खोबणीत बसवून बूने पहिला ठोका मारला तेव्हा. दोन जावा एकाच चुलीवर भांडाव्यात तसा आवाज निघाला.

बूने हातोडी खाली ठेवली. तिच्या काही आणि सार्जियेमच्या काही इकडे, बाकीच्या तिकडे. कुणाची कुठली, देव जाणे. सूर लावणारा म्हातारा कासार लेकाकडे सुमात्राला जाऊन बसला होता. कानाने निवडायला घ्यावं, तर सार्जियेमचा एकच नियम होता.

"गोड वाजते ना? मग ती आमची."

"आणि बेसूर वाजते ती?"

"ती कुणाची, ते मी कशाला सांगू? पाहुणी आहे मी."

बूने डोळे मिटले. उद्या नऊ वाजता नवरदेव दारात. लेकीची गाठ या भांडणावर पडणार होती.

अशा वेळी सुगेंग टेम्पोतून उतरला. अंगणातला आवाज ऐकून तो जागच्या जागी थबकला.

"बू! हे कुठे शिकलात? अगदी नव्या धर्तीचं वाजवताय!"

"शिकले नाही बाबा. बोकडाने शिकवलं."

झालेला प्रकार ऐकून त्याने टोपी मागे सरकवली. "हात्तिच्या! दोन्ही वाड्यांचे सूर माझ्या पेटीत आहेत की. प्रत्येक लग्नात लोकांना गामेलान हवं आणि त्याच्या जोडीला कीबोर्डही हवा. तुमचा सूर काही सरकत नाही, तेव्हा मीच माझा सरकवतो. सत्तावीस वाड्या भरून ठेवल्यात, नावानिशी."

"आमची कधी भरलीस?"

"स्वातंत्र्यदिनाला. तुम्ही मला मंडपाबाहेर काढलंत ना, तेव्हा भिंतीआड उभा राहून. दोन तास लागले. पण काय सूर आहे बू तुमचा! घरी जाऊन आईलाही ऐकवला."

बूने ओली बोटं पुसली. मग म्हणाली, "कीबोर्ड आत आण. ओसरीवर."

कीबोर्ड लावला आणि घरातली वीज खटकन गेली. स्वयंपाकघरातून नणंद पाइनेम झारा घेऊन बाहेर आली.

"भाताची दोन यंत्रं, पाण्याचा पंप आणि आता हा! एवढी वीज या घराला कुणी दिली? बोल वहिनी, भात हवा की सूर?"

"सूर. भात चुलीवर लाव."

"दोनशे माणसांचा? लेक तुझी आणि डोळे जाणार माझे!"

"तुझ्या डोळ्यांसाठी मी वेगळा रोजा धरीन."

पाइनेम हसत, शिव्या देत लाकडं फोडायला गेली. अंगणात वेगळंच काम सुरू झालं. सुगेंगने सूर दाबायचा, बूने पट्टी ठोकायची आणि चाळीस कानांनी निवाडा द्यायचा. "आमची!" "त्यांची!" "आमची गं, नीट ऐक!" मासळीबाजारही एवढा गजबजत नसेल. पंचाहत्तर पट्ट्या जागी लागल्या, ऐंशी लागल्या, एक्याऐंशी लागल्या. एक मिळेना.

सुगेंगने हळूच सार्जियेमकडे पाहिलं. "बू, तुम्ही जरा उठता का?"

सार्जियेम उठली. तिच्या बैठकीखाली पट्टी ऊबदार होऊन बसली होती. सुगेंगने सूर दिला; पट्टी करांगवुनीची निघाली.

"मला वाटलंच होतं," सार्जियेम म्हणाली. "म्हणून तर जपून ठेवली."

मशिदीतून सांजेची बांग आली तेव्हा शेवटची पट्टी खोबणीत बसत होती. बूसमोर रोजा सोडायला गोड चहा आला. तिने एक घोट घेतला, देवाचे आभार मानले आणि मग दुसरा पेला स्वतः भरून सुगेंगच्या हातात दिला. साखर जास्त झाली होती तरी त्याने तो संपवला.

दुसऱ्या दिवशी नऊला नवरदेव दारात आला. बूने पहिला ठोका मारला आणि अख्खं अंगण एका सुरात बोललं. वेनिंगने मान वर केली. दोघांची गाठ पडली. सार्जियेमच्या वाडीतल्या बायका कुंपणाशी उभ्या राहून रडल्या, आपल्याच वाडीचं लग्न असल्यासारख्या. बूचे ओठ हलत होते. ती काही मागत नव्हती. मिळालेलं मोजत होती, आणि मोजणं संपत नव्हतं.

जेवणं झाली. सुगेंगने दांगदुत सुरू केलं. व्याह्यांकडचे काका, गावात नावाजलेले गवई, माईक घेऊन उभे राहिले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरले. पाहुण्यांत खसखस पिकली.

"अहो, यंत्र बिघडलंय तुमचं!" काका लालबुंद झाले.

सुगेंगने कपाळावर हात मारला. "माफ करा, काल कीबोर्ड बूंच्या सुराला लावला तो तसाच राहिला. एका मिनिटात सरळ करतो."

"हात लावू नकोस." बू तुमिरा गर्दीतून वाट काढत आली. "तो सरळच आहे. पाहुण्यांना म्हणावं, घसा जरा आमच्याकडे सरकवून घ्या."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि हातोडी उचलली. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही बसल्या. दांगदुतच्या ठेक्यात काशाचा नाद मिसळला, तो अगदी चपखल, जणू दोघांची सोयरीक केव्हाच ठरलेली. काकांना चौथ्या खेपेला सूर सापडला. पाइनेम झाऱ्यासकट नाचायला लागली.

गाणं संपलं. बूची हातोडी अजून हवेतच होती.

"थांबलास का रे? पुढचं घे."

सुगेंग चाचरला. "बू, पुढचं जरा... उडत्या चालीचं आहे."

"मग लवकर घे की," बू तुमिरा म्हणाली. "नमाजाला अजून पाऊण तास आहे."