साठ साक्षीदारांसमोरची चोरी

“या वर्षी तो चोरीचा खेळ नको,” सदऱ्याचं बटण लावून देताना बायको म्हणाली.

“खेळ नव्हे, प्रयोग,” सर म्हणाले.

“तेच ते. आज तपासणीच्या बाई येऊन बसणार वर्गात. त्यांच्या सहीवर तुमची मुदतवाढ. मुकाट्याने फळ्यावर लिहा आणि घरी या.”

“मुदतवाढ मिळाली नाही तर घरीच असेन की कायमचा.”

“नको गं बाई!” तिने दोरा दाताने तोडला. “मागच्या सुट्टीत दूध उतू गेलं तर तुम्ही मला त्यामागचा हेतू विचारलात.”

सर विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवत. वय उलटून गेलं होतं, पण दरवर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ मिळत आली होती. मुलं त्यांना शंकासर म्हणत. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हे ते इतक्या कळवळ्याने शिकवत की आरोपी त्यांच्या नात्यातला असावा असं वाटे. स्वतःला मात्र त्यांनी असा फायदा कधीच दिला नाही. आपल्याला शिकवता येत नाही आणि हे एक दिवस सगळ्यांना कळणार, याबद्दल त्यांना संशयच नव्हता. वर्गाशिवाय मात्र त्यांना दुसरं काहीच नव्हतं. पहिल्या बाकावरची झोपाळू तोंडं दिसली नाहीत, तर दिवस कसा ढकलायचा हे त्यांना सुचत नसे.

भरवसा होता तो एकाच गोष्टीवर. दरवर्षी तास रंगात आला की महाविद्यालयाचा शिपाई अचानक आत येई, टेबलावरची सरांची बॅग उचलून पळ काढी. मग सर म्हणत, “लिहा, काय पाहिलंत ते.” रोज दिसणारा तो बुटका शिपाई मुलांच्या जबाबात सहा फुटी दाढीवाला होई. डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा किती तकलादू असतं, हे एवढं एकच मुलांच्या डोक्यात शिरे.

यंदा नेमका शिपाई तापाने फणफणला होता. “काळजी सोडा सर,” तो फोनवर कण्हत म्हणाला होता, “मेहुण्याला पाठवतो. तुम्हीही त्याला ओळखत नाही, म्हणजे आणखी झकास!”

बाई वेळेवर आल्या. पहिल्या बाकावर बसल्या आणि बाक अरुंद म्हणून आपली बॅग त्यांनी सरांच्या टेबलावर, सरांच्या बॅगेशेजारी ठेवली. सर फळ्यापाशी उभे राहिले. “नुसत्या कृत्याने गुन्हा होत नाही,” ते सांगू लागले. “मनात दुष्ट हेतूही असावा लागतो.” मेहुण्याचा पत्ता नव्हता. हेतूवर बोलण्यासारखं सगळं बोलून झालं. बाईंनी जांभई दाबली.

एवढ्यात दारातून एक काटकुळा माणूस डोकावला. त्याने वर्गाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि तो मागे सरकू लागला.

“या, या!” सरांच्या जिवात जीव आला. “अहो, किती उशीर!”

माणूस जागीच थिजला.

“घाबरता काय? उचला की!”

माणसाने एकदा मागे वळून पाहिलं, मग आत येऊन बाईंची बॅग उचलली. पहिलीच वेळ आहे बिचाऱ्याची, गोंधळला, असं सरांना वाटलं. त्यांनी स्वतः पुढे होऊन दार पूर्ण उघडून धरलं. मागची दोन मुलं पकडायला धावली, तर सर आडवे झाले. “बसा खाली! कुणी हलायचं नाही. निरीक्षण करा!” वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनीही केला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला दरवर्षीची पळापळ ठाऊक होती. त्याने पळणाऱ्याला हात दाखवून वाट मोकळी करून दिली.

जबाब वाचून दाखवताना वर्ग लोटपोट झाला. कुणाचा चोर लाल सदऱ्यात, कुणाचा निळ्या. एकाने सुरा पाहिला होता, एकाने दोन चोर. शेवटच्या बाकावरच्या मुलीने लिहिलं होतं, ‘चोर वयस्कर असून चष्मा लावतो. तो स्वतः दार उघडत होता.’

बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. “कमाल आहे सर! इतका जिवंत तास मी पाहिला नाही. आणा तो मुदतवाढीचा कागद, आत्ताच सही करते. फक्त माझं पेन बॅगेत राहिलंय. बोलवा तुमच्या त्या माणसाला.”

सर आनंदाने दाराकडे वळले. दारात एक लठ्ठ गृहस्थ घाम पुसत उभे होते.

“माफ करा हं, बस चुकली,” ते म्हणाले. “मी मेहुणा. कुठली बॅग पळवायची?”

चोर सापडला, कारण बॅगेतला बाईंचा फोन वाजत सुटला आणि त्याला तो बंद करता येईना. चौकातल्या पोलिसाने बॅगेसकट त्याला ठाण्यात आणलं. निरोप मिळताच सर आणि बाईही तिथे पोचले. ठाण्याची फौजदार सरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने सरांना खुर्ची दिली, आणि सरांना वाटलं, यापेक्षा बेड्या परवडल्या.

“मॅडम, मी चोरी केलीच नाही!” चोर तावातावाने म्हणाला. “मी निघालो होतो परत. या आजोबांनी हाक मारली. उचला म्हणाले, दार उघडून धरलं, पोरांना अडवलं. वर टाळ्या! अशी चोरी असते होय कुठं?”

“बरोब्बर सुचतंय रे तुला,” फौजदार म्हणाली. मग सरांकडे वळून हळू आवाजात, “सर, याचं खरं धरलं तर चोरीला तुमचीच फूस होती असं दिसतं.”

“पण माझा हेतू...”

“हेतूचं न्यायालय बघेल. माझ्यापुढे सध्या दार आहे. ते उघडलं कुणी?”

तोवर बाहेर व्हरांड्यात वर्ग जमला होता. फौजदाराने मुलांचे नव्याने जबाब घेतले आणि गठ्ठा सरांपुढे सरकवला. सरांनी वरचा कागद वाचला. ‘सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. दार बंद होते. आरोपी दार ढकलून आत शिरला.’ दुसराही तसाच. तिसराही. शेवटच्या बाकावरच्या मुलीचाही. आज गैरहजर असलेल्या एकाचाही.

सरांनी गठ्ठा खाली ठेवला. मुलांनी त्यांच्यासाठी खोटं लिहिलं होतं. गप्प बसलं तर अब्रू वाचत होती, मुदतवाढ वाचत होती. आणि त्या कोपऱ्यातल्या भामट्याने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, शब्दन्‌शब्द खरं सांगितलं होतं.

“हे घेऊ नकोस,” सर कसेबसे म्हणाले. “सगळे एका तोंडाने बोलतायत म्हणजे पढवलेले आहेत.”

“कळलं मला. पण सकाळचे वर्गातले जबाबही कामाचे नाहीत सर. त्यात एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.”

“मग माझं लिही. दार मी उघडलं. उचला असं मीच म्हणालो.”

फौजदाराने पेन खाली ठेवलं. “सर, पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

सरांनी डोकं धरलं. इतक्या वर्षांत एका विद्यार्थिनीच्या एवढं लक्षात राहिलं, आणि तेही आज!

भिंतीकडच्या बाकावर बॅगेतल्या वस्तू तपासत बसलेल्या बाई उठल्या. “त्या माणसाला दम देऊन सोडा. मला तक्रार पुढे न्यायची नाही,” त्या फौजदाराला म्हणाल्या. मग सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. “आणि सर, तुमचा प्रयोग छान झाला असं मला सकाळी वाटलं होतं. तो साफ फसलाय.”

“हो,” सर म्हणाले. त्यांनी मनातल्या मनात फळा पुसून टाकला.

“महिन्याभरात ही मुलं वकील होणार. खरं यांना दिसत नाही आणि खोटं यांना बोलता येत नाही! सगळ्या वर्गाला हा विषय पुन्हा वर्षभर घ्यावा लागेल, असा शेरा मारतेय मी.”

“आणि शिकवायला?”

“तुम्हीच. दुसरं कोण ही ब्याद अंगावर घेईल? आणा तो कागद.” बाईंनी पेन शोधून काढलं आणि सही ठोकली.

कागद घेऊन सर व्हरांड्यात आले, तसा मुलांनी त्यांना गराडा घातला.

“सर, सोडलं ना तुम्हाला? एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही आम्ही!”

“त्या आजारी पडलेल्याचासुद्धा मीच लिहिला सर!”

सरांना रागवायचं होतं. पण ती तोंडं इतकी खूश होती, आणि इतकी निरागस, की त्यांना भडभडून आलं.

“सर, सांगा ना, काय झालं आत?”

“एक वर्षाची झाली,” सर म्हणाले. “मला एकट्याला नाही. तुमच्यासकट.”